चष्मा उतरविण्यापूर्वी

लेसरने चष्म्याचा नंबर घालवावा काय, हे तरुण रुग्ण अनेकदा प्रथम आपल्या वैद्यांनाच विचारतात. जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखी संस्था असल्याने नेत्रतपासणीसाठी दूर जावे लागत नाही. तरीही योग्य सल्ला देण्याचे आपले दायित्व उरतेच.

लॅसिकमध्ये कृष्णमंडलाचा, म्हणजेच पारपटलाचा, पातळ पापुद्रा उचलून खालचा थर एक्सायमर लेसरने घडवितात. पारपटलाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते मुळातच पातळ वा शंकूसारखे पुढे येणारे असल्यास दृष्टी कायमची बिघडू शकते. डोळ्यांचा कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हेही संभवते. शिवाय चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा टळतोच असे नाही.

या शस्त्रक्रियेची सरसकट निंदा आम्हांस मान्य नाही. तसेच अंजनाने नंबर जाईल, हे आश्वासनही मान्य नाही. नंबर किमान वर्षभर स्थिर आहे काय, पारपटलाचा आलेख काढला काय, हे वैद्यांनी अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञांच्या संमतीवाचून अंजन, मध वा तर्पण योजू नये. औषधविक्रेत्यांनीही स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीवाचून देऊ नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. चष्मा पुन्हा लावता येतो, गेलेली दृष्टी परत आणता येत नाही.