पाऊस लागेपर्यंत बारुदाचे रॉकेट उडवू नका!

चंद्रपूर आणि गडचिरोलीतील शिक्षक, पालक आणि विद्यार्थी मित्रांनो,

28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो, परीक्षा संपल्या की उन्हाळी शिबिरे भरतात. मैदानावर रॉकेट उडवावे असे मुलांना वाटणारच, आणि वाटायलाच हवे. पण 15 फेब्रुवारी ते 15 जून हाच आपल्या जंगलातला वणव्याचा हंगाम. म्हणून कळकळीची विनंती आहे: या चार महिन्यांत पेटणारे कुठलेही रॉकेट उडवू नका. दिवाळीतले उरलेले नको, विकत आणलेले मॉडेल रॉकेट नको आणि घरी बनवलेले तर नकोच नको.

या दिवसांत सागाचा पाला गुडघ्याएवढा साचतो. मोहफुले वेचून होतात न होतात, तोच तेंदूपत्त्याची तोडाई सुरू होते. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांचा आणि घरांचा वर्षाचा खर्च या दोन हंगामांवर चालतो. एक ठिणगी हे सारे राख करू शकते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हाही आहे.

“आमचे मैदान जंगलापासून दूर आहे” असे म्हणू नका. हिशेब करून पाहा. रॉकेटची छत्री 100 मीटर उंचीवर उघडली आणि ते सेकंदाला 5 मीटर वेगाने उतरले, तर जमिनीला टेकायला 20 सेकंद लागतात. वाराही तेवढ्याच वेगाचा असेल, तर रॉकेट 100 मीटर लांब जाऊन पडते. तिथे तणसाचा ढीग असेल किंवा कुणाचा गोठा. शिवाय छत्री बाहेर फेकण्यासाठी इंजिनात एक छोटा स्फोट होतो. रॉकेट तिरपे गेले, तर तो स्फोट हवेत न होता खाली पाचोळ्यात होतो.

वर गेलेली वस्तू कुठे पडेल हे आपल्या हाती नसते, हे सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीने पाहिले आहे. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अवकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे गावात येऊन पडले. एका चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा, असा अंदाज तज्ज्ञांनी वर्तवला. कुणाला इजा झाली नाही, हे गावाचे नशीब. आपल्या मुलांचे प्रयोग नशिबावर सोडू नका.

प्रयोग थांबवायचा नाही, फक्त इंधन बदलायचे. पाण्याचे रॉकेट उडवा. न्यूटनचा तिसरा नियम तोच आणि आगीची भीती नाही. मात्र हे पाळा:

• फक्त सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या घ्या. चरे पडलेली, चेपलेली बाटली टाकून द्या. टोकाला धातू नको, फोम लावा.
• बाटलीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरा. काटा असलेला सायकलपंप वापरा. हवा 60 पौंडांच्या वर नेऊ नका.
• लांब नळी लावून हवा भरा, खिट्टी दोरीने ओढा. हवा भरताना आणि सोडताना सगळे निदान पाच मीटर दूर असू द्या. बाटलीवर कुणीही वाकू नये.
• सुटले नाही तर आधी दुरूनच हवा सोडा, मगच जवळ जा.
• रॉकेट विजेच्या तारांवर किंवा उंच झाडावर अडकले तर ते तिथेच राहू द्या.

पालकांनो, फटाके फोडून काढलेली बारूद किंवा काडेपेटीचा गुल नळीत ठासण्याचा खेळ मुले करत असतील, तर आजच थांबवा. धातूची नळी उडत नाही, फुटते. तिच्या चिरफळ्या बोटे आणि डोळे घेऊन जातात.

पाऊस लागला, पाचोळा ओला झाला की मॉडेल रॉकेटचा विचार करा. तेही जाणकार शिक्षकांच्या देखरेखीखाली, परवानगीने, तयार इंजिन आणि बॅटरीवरच्या दुरून चालणाऱ्या बटणासह. काडी लावून कधीच नाही.

मुख्याध्यापकांनी ही सूचना उद्याच्या परिपाठात वाचावी. सरपंचांनी गावात दवंडी द्यावी. धूर दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर, कुणी भाजले तर 108 वर लगेच फोन करा. कुणाच्या हाती बारुदाचे रॉकेट दिसले, तर ते पेटण्याआधी अडवा.