बंबाला बाधते ते पाणी



थंडी पडली की आपल्या वर्धा जिल्ह्यात पहाटे अंगणातला बंब पेटतो. पूर्वी अर्धी टोपली तुराट्यांत आंघोळीचे पाणी कढत होई. आता टोपली सरते तरी पाणी कोमटच! सासूबाई म्हणतात, सुनेला बंब पेटवता येत नाही. सून म्हणते, तुराट्या ओल्या आहेत. खरे पाहता दोष सुनेचाही नाही आणि तुराट्यांचाही नाही. तो आहे बंबाच्या आत बसलेल्या पांढऱ्या थराचा.

आपला जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर वसलेला. पाऊस जमिनीत झिरपताना माती-खडकातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतो. म्हणून कित्येक विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही, तेच हे पाणी. गार असताना क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यांतले काही बाहेर पडतात आणि जिथे ऊब जास्त तिथेच चिकटतात: बंबाच्या मधल्या नळीवर, हीटरच्या कांडीवर, गिझरच्या कॉइलवर. या थरातून उष्णता सहज जात नाही. आग आणि पाणी यांच्यामध्ये जणू गोधडीच!

आमच्या घरी दोन हिवाळ्यांत दोन कांड्या जळाल्या. आम्ही विजेला नावे ठेवली. दुसरी कांडी हातात घेऊन पाहिली, तर तिच्यावर बोटाएवढा जाड थर. आतली ऊब बाहेर पडेना, म्हणून कांडी स्वतःच्याच उष्णतेने जळाली होती.

आपल्याच वर्ध्यात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत जळण वाचविणारी मगन चूल तयार झाली. चूल सुधारून वाचवलेले जळण आपण बंबातल्या थरापायी घालवावे, हे बरे नव्हे.

मग करावे काय? आधी पाणी ओळखा. एका बाटलीत पावसाचे पाणी, दुसरीत विहिरीचे तेवढेच पाणी घ्या. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच तुकडा किसून टाका आणि हलवा. विहिरीच्या पाण्यात फेसाऐवजी साका आला, तर पाणी जड समजावे. नेमका आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानले आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. जड पाण्याची पिण्यासाठी उगाच धास्ती घेऊ नका. ते बाधते जास्त करून बंबाला.

दुसरे, पाणी उकळू देऊ नका. कढत करून मग गार पाणी ओतण्यापेक्षा अंगाला सोसेल एवढेच तापवा. गिझरचा काटा पन्नास ते साठ अंशांवर ठेवा. जितकी ऊब जास्त, तितका थर जास्त.

तिसरे, थर वेळीच काढा. कांडीचा प्लग आधी काढून ती गार होऊ द्या. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून, थर बसला आहे तेवढाच भाग तासभर बुडवा. मग कापडाने पुसून धुवा. सुरीने खरवडू नका. बंब असेल तर विझवून, गार झाल्यावर हेच पाणी तासभर आत ठेवा, ओतून द्या आणि दोनदा स्वच्छ धुवा. ते पाणी गुराढोरांच्या तोंडी जाऊ देऊ नका. फरशीचे ॲसिड तर मुळीच वापरू नका. धातू खाल्ला जातो. आणि ॲसिड ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी वायू निघतो.

आता उलटी गोष्टही ध्यानात घ्या. क्षार नको म्हणून अगदी मऊ पाणीही सदा चांगले नाही. पावसाचे पाणी किंचित आंबट असते, ते धातू कुरतडते. विहिरीत ब्लीचिंग पावडर अंदाजाने ओतली तरी तेच. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे चांगल्या पावडरचे नेहमीचे माप, ते पाळा. पावसाचे पाणी साठवले असेल तर विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळून तापवा. मिठावर चालणारे पाणी मऊ करण्याचे यंत्र घेतले असेल, तर त्याचे खारट सांडपाणी शेतात सोडू नका. आपली काळी जमीन त्याने चोपण होते.

सोलरच्या नळ्यांतही थर बसतो. त्या धुवायच्या तर पहाटेच. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी पडले की काच तडकते. गिझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह मात्र वर्षातून एकदा जाणकाराकडून पाहून घ्या. तो क्षाराने बंद झाला तर टाकी फुटण्याची भीती असते.

तेव्हा येत्या रविवारी बंब रिकामा करून आत बॅटरीचा उजेड टाका. पांढरा थर दिसला, तर सुनेची माफी मागायला विसरू नका!