ज्वालामुखीच्या काहिलीत वसलेली गावं



परवा चौथीच्या वर्गात ज्वालामुखीचा पाठ चालला होता. बोलता बोलता मी म्हटलं, "जपानमध्ये असा एक ज्वालामुखी आहे की त्याच्या पोटातच माणसं राहतात. तिथं शाळा आहेत, भातशेती आहे, आगगाडीसुद्धा जाते!" लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ती माणसं वेडी आहेत का? दुसरीकडे राहायला का जात नाहीत?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून आज तुम्हा सर्वांनाच तिकडे घेऊन जाते. तिकीट नको की पासपोर्ट नको. फक्त नकाशाचं पुस्तक उघडा आणि आईबाबांनाही शेजारी बसवा.

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी नैऋत्येकडचं बेट म्हणजे क्यूशू. त्याच्या मध्यावर बोट ठेवा. कुमामोतो शहराच्या पूर्वेला आहे आसो! शहरातून निघालेली गाडी डोंगराच्या पायथ्याशी तातेनो स्टेशनात येते आणि पुढे चढ इतका की तिला सरळ जाता येत नाही. मग ती थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे अशी नागमोडी चढते. पूर्वी आपल्या बोरघाटातही गाडीची दिशा अशीच उलटी करावी लागे. चढ संपला की समोर हिरवीगार भातखाचरं आणि चहूबाजूंनी डोंगरांची भिंत. आपण ज्वालामुखीच्या आत आलो!

आत कसे आलो? ऐका. सुमारे २ लाख ७० हजार ते ९० हजार वर्षांपूर्वीच्या काळात इथं चार प्रचंड उद्रेक झाले. शेवटच्या उद्रेकातला तापलेला राखेचा लोट तर समुद्र ओलांडून पलीकडच्या बेटावर पोहोचला. जमिनीखालचा शिलारस एवढा बाहेर पडला की खाली पोकळी झाली आणि वरचं छप्पर धाडकन खचलं. उंदरांनी खालून पोखरलेला बांध खचतो ना, तसंच. उरला तो एक अवाढव्य खड्डा, उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १८ किलोमीटर. अशा खड्ड्याला शास्त्रज्ञ 'कॅल्डेरा' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश आहे. त्याचा अर्थ मोठी कढई, म्हणजे आपली गुऱ्हाळातली काहीलच म्हणा! या काहिलीत आज सुमारे ५० हजार लोक राहतात.

आता उत्तरेकडच्या भिंतीवर चढू. ही जागा दाइकान्बो, उंची ९३६ मीटर. इथून सबंध काहील दिसते. मधोमध पाच शिखरं उभी आहेत. जरा डोळे बारीक करून पाहा. उताणं झोपलेलं कुणी दिसतं का? लोक म्हणतात, हे महानिर्वाणातले बुद्ध. डावीकडचं खडबडीत नेकोदाके म्हणजे चेहरा, १,५९२ मीटर उंचीचं ताकादाके म्हणजे छाती, आणि नाकादाके म्हणजे बेंबी. गंमत म्हणजे धूर येतो तो नेमका बेंबीतून! पाचांपैकी आज जागं आहे ते एकटं नाकादाके.

शिखरांकडे जाताना वाटेत एक छोटीशी, गोल, हिरवी टेकडी लागते. ती आहे कोमेझुका, म्हणजे तांदळाची रास. आई ताटात भाताची मूद वाढते ना, अगदी हुबेहूब तशी! फक्त वर मधोमध एक खळगा. गोष्ट अशी सांगतात की आसोच्या देवाने तांदळाची रास घातली आणि गरिबांना द्यायला वरून ओंजळभर तांदूळ उचलले. तोच हा खळगा. शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं. ज्वालामुखीने उडवलेले सच्छिद्र दगड साचून ही टेकडी झाली आणि खळगा हे तिचं तोंड. टेकडीची झीज होऊ नये म्हणून तिच्यावर चढायला मनाई आहे. लांबूनच पाहायची.

पुढे आहे कुसासेन्री. सुमारे एक किलोमीटर रुंदीचं हे गवताळ मैदान, मध्ये पाण्याची तळी आणि चरणारे घोडे. हेही एका जुन्या ज्वालामुखीचंच तोंड आहे बरं का! आजूबाजूच्या कुरणांवर तांबूस रंगाच्या गाई दिसतात. हे गवत आपोआप टिकलेलं नाही. दरवर्षी वसंत ऋतूच्या सुमारास गावकरी एकत्र जमून वाळलेलं गवत पेटवतात. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तसं इथं चाऱ्यासाठी कुरण भाजतात. न भाजलं तर झुडपं माजतील आणि कुरणाचं रान होईल. एक हजार वर्षांहून अधिक काळ हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे.

आता जरा घोटभर पाणी पिऊ. दक्षिणेकडे शिराकावा नावाचा झरा आहे. दर मिनिटाला सुमारे ६० टन पाणी जमिनीतून उसळतं, आणि तेही बारा महिने थंडगार. डोंगरावर पडलेला पाऊस राखेच्या आणि दगडांच्या थरांतून गाळत गाळत खाली येतो. सात लाखांहून जास्त वस्तीचं कुमामोतो शहर पिण्यासाठी असंच जमिनीखालचं पाणी वापरतं. बघा, ज्या राखेनं एकदा सगळं जाळलं, तीच आज पाणी गाळून देते!

आता शेवटचं ठिकाण, नाकादाकेचं तोंड. वाकून पाहिलं तर खोल तळाशी हिरवट पाणी वाफाळत असतं आणि गंधकाचा वास नाकात शिरतो. इथला वायू विषारी आहे. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रोग्यांना वर येऊ देत नाहीत. वायू वाढला की सगळ्यांनाच खाली पाठवतात. काठावर काँक्रीटची घुमटासारखी पक्की घरं बांधलेली आहेत. अचानक दगड उडाले तर पळत जाऊन आत शिरायचं. हे उगीच नाही केलेलं. १९५८ साली इथल्या स्फोटात १२ माणसं गेली, १९७९ साली तीन.

म्हणून डोंगरावर रात्रंदिवस यंत्रांची नजर असते आणि धोक्याच्या १ ते ५ पायऱ्या ठरलेल्या आहेत. दुसरी पायरी जाहीर झाली की तोंडापासून एक किलोमीटरच्या आत कुणी जायचं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अशीच वाट बंद झाली. लांबून आलेल्या प्रवाशांचा किती विरस झाला असेल! डोंगर तर समोर शांत दिसत होता. पण आठवड्याभरातच, २० तारखेला, भर दिवसा तो फुटला. राखेचा लोट हजारो मीटर वर गेला, तापलेला धुरळा उतारावरून धावला. पण एकही माणूस दगावलं नाही, कारण तोंडाशी कुणी नव्हतंच.

संकटं एवढ्यावरच थांबत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मोठा भूकंप झाला. आसोचा मोठा पूल दरीत कोसळला, पुरातन देवळाचं भव्य महाद्वार भुईसपाट झालं. लोकांनी हाय खाल्ली नाही. नवा पूल २०२१ मध्ये सुरू झाला. महाद्वाराची जुनी लाकडं वेचून, जोडून ते डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा उभं केलं.

तर मागच्या बाकावरच्या माझ्या राजा, ती माणसं वेडी नाहीत. डोंगर त्यांना पाणी देतो, गवत देतो, ऊन पाण्याचे झरे देतो. ते डोंगराचं ऐकतात. तो शांत दिसला तरी 'थांबा' म्हटलं की थांबतात. भीती आणि सावधपणा यांत फरक आहे. भ्यायलेला माणूस पळतो, सावध माणूस नियम पाळून तिथंच संसार करतो.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपले ज्वालामुखी कधीच विझले. पण पूर आलेला ओढा, विजेची तार, रेल्वेचं फाटक हे तर आपल्याही गावात आहेच ना?

आता तुमचा उद्योग. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर 'थांबा' सांगणाऱ्या जागा किती, ते मोजा. प्रत्येक जागेपुढे तो नियम का झाला असेल, हे वहीत लिहा. न कळलं तर आजोबांना विचारा. बहुतेक प्रत्येक नियमामागे एक गोष्ट सापडेल.

आणि आज जेवताना भाताच्या मुदीला वर बोटाने एक खळगा पाडून बघा. झाली की नाही कोमेझुका?

तुमची,
बाई