विश्लेषण : ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीपाशी वेळ का जातो?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) पुरुषांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्ण इटलीच्या निकोलो मार्टिनेंगीने अवघ्या ०.०२ सेकंदाने जिंकले. एका ढिल्या टर्नमध्ये याहून जास्त वेळ जातो. २५ वर्षांवरील ‘मास्टर्स’ जलतरणपटूंनी तर याकडे लक्ष द्यायलाच हवे, कारण २५ मीटरच्या तलावात १०० मीटरला तीन टर्न येतात.

नियम काय सांगतो?
दोन्ही हात एकाच वेळी, पण एकमेकांपासून वेगळे, भिंतीला लागले पाहिजेत. पुढचा टप्पा पाण्याखालचा, म्हणजे ‘पुलआउट’. यात हात मांड्यांपर्यंत एकदाच ओढता येतात. पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकआधी एकच डॉल्फिन किक चालते. अथेन्समध्ये (२००४) जपानच्या कोसुके किताजिमाच्या अशाच किकवरून वाद झाला आणि २००५ मध्ये नियम बदलला. दुसरी किक मारली, तर स्पर्धक बाद.

चूक कुठे होते?
अनेक जण भिंत धरून दम घेतात किंवा ढकलताच हात ओढतात. भिंतीला ढकलल्यावरचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. म्हणून आधी शरीर ताठ ठेवून सरका. वेग ओसरू लागताच हात ओढा. फार रेंगाळलात, तर मिळालेला वेग वाया जातो.

सराव कसा करावा?
भिंतीच्या ५ मीटर आधीपासून १० मीटर पुढेपर्यंतची वेळ मोजा. सरकण्याचा काळ कमी-जास्त करून तुलना करा. श्वास रोखण्याचा सराव मात्र एकट्याने नको. पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.