पाहुण्यासाठी नकाशा काढताना

जत्रा, शिबिर, नाहीतर लग्न. गावात बाहेरची माणसं येणार म्हटलं की कोणीतरी नकाशा काढायला बसतं. त्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. पेन्सिल हातात घेण्याआधी एवढं ठरवा, की हा नकाशा वाचणार कोण आणि तो वाचून जाणार कुठे. एस.टी. स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला कार्यालय गाठायचं असतं. त्याला गावातल्या सगळ्या आळ्या दाखवू नका. वळणावरचा वड, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ दाखवा.

गाळणं जिवावर येतं, हे खरं. पण लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवा. हॅरी बेक या आरेखकाने तो १९३१ साली काढला. त्याने रेल्वेच्या वाकड्यातिकड्या रेषा सरळ केल्या. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरप्या. वरचे रस्ते गाळले, थेम्स नदी तेवढी ठेवली. सुरुवातीला तो नाकारला गेला. १९३३ मध्ये छापल्यावर मात्र प्रवाशांनी उचलून धरला. भुयारातल्या माणसाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं होतं. पायी चालणाऱ्याचं तसं नाही, त्याला अंतर कळायलाच हवं. म्हणून तुमचा नकाशा प्रमाणात नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि शेजारी ‘चालत दहा मिनिटं’ अशी नोंद करा.

रंगांत नवं काही शोधू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पाणी निळं आणि झाडी हिरवी असते, शाळेपासून आपली नजर त्यालाच सरावली आहे. शिवाय पत्रिकेची झेरॉक्स निघाली की रंग जातात, आणि लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसतच नाही. मुख्य रस्ता जाड, पाऊलवाट तुटक काढली तर काळ्या शाईतही दोन्ही ओळखू येतात.

अक्षरांकडे फार दुर्लक्ष होतं. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो. रस्त्याच्या रेषेवर नाव लिहिलं की अनुस्वार त्या रेषेत बुडतो आणि पाहुणा भलतंच नाव विचारत फिरतो. नावं बाजूला, आडवी आणि मोठी लिहा.

उत्तर दिशेचा बाण द्याच. भिंतीवर रंगवायचा असेल, तर नकाशासमोर उभ्या माणसाच्या पुढचा रस्ता नकाशात वरच्या बाजूला येऊ द्या. उजवीकडचं देऊळ नकाशात डावीकडे दिसलं, की माणूस तिथेच गोंधळतो.

आणि छापायला देण्याआधी तो कागद गावात पहिल्यांदाच आलेल्या एखाद्याच्या हातात द्या. काही न सांगता त्याच्या मागोमाग चाला. तो जिथे अडेल, तिथे नकाशा दुरुस्त करा.