सहा महिन्यांत दावा लावा, नाहीतर विसरा



पोलिसांनी अन्याय केला की गावात पहिला सल्ला मिळतो, 'आधी एसपी साहेबांना अर्ज देऊन बघ.' सल्ला वाईट नाही. माणूस रिसोडहून किंवा मानोऱ्याहून वाशीमला येतो, अर्ज देतो, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतो आणि वाट पाहतो. जबाबाला बोलावणे येते, तर त्या दिवशी चौकशी अधिकारी बंदोबस्तात. पुन्हा पुढची तारीख. त्याला कोणीच सांगत नाही की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे त्याची मुदत घटनेच्या दिवसापासूनच मोजली जाते आहे. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दिवाणी दावा लावायचा तर सहा महिन्यांच्या आत, तोही महिनाभराची नोटीस देऊन. खात्याची चौकशी मात्र कितीही रेंगाळली तरी चालते.

शेजाऱ्याने बेकायदा डांबून ठेवले तर भरपाईच्या दाव्याला मुदत कायद्याने एक वर्ष दिले आहे. मग वर्दीवाल्यासाठी निम्मे का? ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर जपा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावले. म्हणजे पुरावा शिल्लक, पण दाद मागायची सोय संपलेली!

माहिती काढण्यासाठी केलेली मारहाण या कलमाच्या आडोशाला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले आहे. मान्य. पण मारहाण झाली की 'आवश्यक बळाचा वापर', हाच वाद आधी लढावा लागतो, आणि वकिलाची फी भरायची ती वादीने.

परभणीचे प्रकरण ताजे आहे. सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला १५ डिसेंबर २०२४ रोजी. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश आला ४ जुलै २०२५ रोजी. राज्यभर गाजलेल्या प्रकरणात नुसता गुन्हा नोंदवून घेण्याच्या आदेशालाच सहा महिन्यांहून अधिक काळ गेला. मग ज्याच्यामागे ना मोर्चा ना वर्तमानपत्र, त्या आमच्या जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या सालगड्याने काय करावे?

पोलीस तक्रार प्राधिकरण आहे ना, असे म्हटले जाईल. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जिल्ह्याजिल्ह्यात नेमायला सांगितले होते, शिफारशी बंधनकारक असतील असेही म्हटले होते. आपल्या २०१४ च्या दुरुस्तीत जिल्हा गळाला, विभाग आला. वाशीमकराच्या वाट्याला अमरावती विभाग. ऐन सोयाबीन सोंगणीत मजुरी बुडवून कारंज्यापलीकडे किती हेलपाटे मारायचे?

प्रामाणिक पोलिसाला खोट्या दाव्यांपासून संरक्षण हवेच. पोहरादेवीच्या यात्रेत उन्हात उभे राहणारे शिपाई आम्हीही पाहतो. पण खोटा दावा पाचव्या महिन्यातही लावता येतो आणि खरा सातव्या महिन्यात बाद होतो. यात प्रामाणिकाचे काय राखले?

जिल्ह्यातील आमदारांनी निदान एवढी दुरुस्ती विधिमंडळात मांडावी: खात्याच्या किंवा प्राधिकरणाच्या चौकशीत गेलेला काळ कलम १६१ च्या मुदतीतून वगळावा आणि प्राधिकरणाने वाशीमला येऊन सुनावणी घ्यावी. तोवर पोलीस अधीक्षक कार्यालयाने अर्जाच्या पोचेवर शिक्क्याखालीच दाव्याची शेवटची तारीख लिहून द्यावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

– एक वाचक, मंगरूळपीर (जि. वाशीम)