चाक मोठे की ओढ मोठी?

देवास जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे सतवास, कन्नोद, खातेगाव हा मुलूख, एका बाजूस विंध्याची उतरण आणि दुसऱ्या बाजूस नर्मदेचे पात्र यांच्यामध्ये वसलेला आहे. येथील काळी जमीन गहू आणि सोयाबीन यांना मानवणारी खरी. पण पावसाची दोन सरी पडल्या की तीच जमीन चाकाला अशी लिंपून बसते, की वाहन जागच्या जागी गरगरते आणि पुढे काही सरकत नाही. अशा वेळी शेतवाटेवरून आजारी माणसाला सडकेपर्यंत आणावयाचे असेल, तर चारही चाकांना जोर मिळणारी जीपच उपयोगी पडते. म्हणून अशा जीपला कोणते टायर आणि ॲक्सलचे कोणते गिअर असावेत, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नसून आपल्या घरांचाही आहे.

अलीकडे तरुण मंडळींत एक चाल पडली आहे. गाडी घरी आली की प्रथम तिचे मूळ टायर काढावयाचे आणि दिसावयास भव्य असे मोठे टायर चढवावयाचे. गाडी उंच दिसते, रुबाबदार दिसते. परंतु चिखलात आणि घाटात तिची अवस्था पुष्कळदा ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी होते. आमच्या मते येथे विचाराचा क्रमच उलटा झालेला आहे. आधी गाडीला किती ओढ हवी ते ठरवावे, त्यावरून गिअर पाहावेत, आणि टायरचा आकार सर्वांत शेवटी निवडावा.

हे असे का, ते समजावयास शाळेतले गणित पुरेसे आहे. इंजिनाचा दांडा फार वेगाने फिरतो, पण त्याचा पीळ थोडा असतो. गिअरपेटीत आणि शेवटी ॲक्सलमध्ये दातचक्रांच्या जोड्या हा वेग कमी करून पीळ वाढवितात. ॲक्सलमधील जोडीला कारागीर ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला १० दाते असतील, तर गुणोत्तर ४.१० होते, म्हणजे पिनियनचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. चाकाला मिळालेला हा पीळ जमिनीला ढकलतो तो चाकाच्या त्रिज्येच्या टोकाशी. त्रिज्या जितकी मोठी, तितका तो धक्का लहान. हा तरफेचाच नियम होय.

आता २९ इंच व्यासाचे टायर काढून ३३ इंचांचे बसविले असे समजा. २९ ला ३३ ने भागले तर सुमारे ०.८८ येतात, म्हणजे जमिनीवरील ओढीतला शेकडा १२ भाग टायर बदलताक्षणीच गेला. गाडी ४.१० ऐवजी ३.६० गुणोत्तराची असल्यासारखी वागू लागते. वेगमापकाला मात्र या बदलाचा पत्ता नसतो. काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी सुमारे ६८ च्या वेगाने धावत असते. मूळची ओढ परत हवी असेल, तर ४.१० ला ३३ ने गुणून २९ ने भागावे. उत्तर सुमारे ४.६७ येते. त्याच्या जवळच्या प्रचलित जोड्या दोन : ४१ ला ९ दात्यांची ४.५६ आणि ३९ ला ८ दात्यांची ४.८८. ज्याची धाव बहुतेक डांबरी सडकेवर आहे त्याने पहिली घ्यावी. ज्याचे काम चिखलात आणि चढावर आहे त्याने दुसरी.

कोणी म्हणेल, ‘ट्रॅक्टरची मागची चाके तर माणसाच्या छातीला लागतात, मग तो शेतात कसा ओढतो?’ प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकामागे वेग पुष्कळ पटींनी कमी करणाऱ्या दातचक्रांची साखळी असते. म्हणूनच तो सावकाश चालतो आणि नांगर ओढतो. त्याचे मोठे चाक डोळ्यांना दिसते, आतले गिअर दिसत नाहीत. आणि आपण अनुकरण करतो ते दिसणाऱ्या वस्तूचे.

या बाबतीत खुद्द जीपचा इतिहास बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीची ‘एमबी’ जीप गाजली. तिच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.८८ होते आणि टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे आजच्या मानाने अगदी अरुंद. १९४५ मध्ये कंपनीने शेतकऱ्यांसाठी ‘सीजे-२ए’ ही जीप काढली. रणांगणावरून शेतात उतरताना कारागिरांनी टायर मोठे केले नाहीत, ते ६.००-१६ च राहिले. बदलले ते गिअर. ॲक्सलचे गुणोत्तर ५.३८ झाले, आणि पहिला गिअर व चारचाकी जोराचा ‘लो’ गिअरही अधिक ओढीचे केले. सर्व गुणोत्तरांचा गुणाकार केला तर युद्धातल्या जीपमध्ये इंजिनाच्या सुमारे २५.६ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडत असे. शेतीच्या जीपमध्ये तो ३६.६ फेऱ्यांना पडू लागला. इंजिन तेच, सुमारे ६० अश्वशक्तीचे. तरी सर्वांत सावकाश गिअरातली ओढ जवळजवळ दीडपट झाली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने याच घराण्यातील जीप परवान्याने प्रथम मुंबईत जोडल्या व पुढे देशातच बनविल्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी खेड्यापाड्यांत पाहिलेली जीप ती हीच.

याचा अर्थ मोठे टायर नेहमीच वाईट, असा मुळीच नाही. व्यास चार इंचांनी वाढला की ॲक्सल जमिनीपासून दोन इंच वर उचलला जातो. दगड आणि खोल चाकोरी यांतून सुटका होते. पण त्याची किंमत केवळ ओढीने फिटत नाही. ब्रेकचा पीळ तोच राहतो आणि त्रिज्या वाढते. म्हणून ब्रेकची पकडही त्याच प्रमाणात घटते, आणि ही उणीव क्राउन-पिनियन बदलून भरून निघत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. विंध्याचा घाट भरल्या गाडीने उतरताना या दोन गोष्टींचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळे ठरतील असा फेरफार करण्यास मनाई करते. म्हणून कंपनीने त्या वाहनासाठी मान्य केलेल्या मापांतच निवड करावी, हे उत्तम.

तसेच गिअरही हावरेपणाने घेऊ नयेत. गुणोत्तर फार वाढविले तर सडकेवर इंजिन उगाच किंचाळते, डिझेल अधिक जळते, आणि पिनियन लहान झाल्याने दात्यांची ताकदही कमी होते. आणखी एक पथ्य असे, की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर समान ठेवून टायरही एकाच मापाचे घ्यावेत. एकाच ॲक्सलची जोडी बदलून गाडी चारचाकी जोरात घातली, तर पुढची आणि मागची चाके एकमेकींशी भांडू लागतात आणि दातचक्रे तुटतात.

मग आपल्या काळ्या मातीसाठी काय करावे? आमचे मत असे : मूळ मापाचे टायर ठेवावेत, पण नक्षी खोल आणि विरळ असावी, म्हणजे चिकट माती अडकून न बसता फेकली जाते. चिखलाखाली घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर तो कापून तळ गाठतो. तळच लागत नसेल तेथे रुंद टायर बरा. चिखलात शिरण्यापूर्वी हवा साधारण ३० पौंडांवरून १८-२० पौंडांपर्यंत उतरवावी. टायरचा जमिनीवर टेकणारा भाग लांबतो आणि पकड वाढते. सडकेवर येताच, वेग घेण्यापूर्वी, हवा पुन्हा भरावी. या उपायाला एक दाबमापक आणि एक पंप पुरतो. एवढ्याने भागत नसेल, तरच गुणाकार-भागाकार करून, टायर, दोन्ही ॲक्सलच्या जोड्या आणि ब्रेक यांचा खर्च एकत्र मांडून निर्णय घ्यावा. टायरपुरतेच पैसे असतील, तर ते टायर घेऊ नयेत.

विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. घरी जीप, ट्रॅक्टर वा साधी सायकल असेल, तर तिच्या चाकाचा व्यास मोजा, दातचक्रांचे दाते मोजा किंवा माहितीपुस्तिकेत गुणोत्तर पाहा, आणि वहीवर हिशेब मांडा. घरातील मोठी माणसे दुकानात टायर घ्यावयास निघतील तेव्हा ती वही त्यांच्या हाती द्या. त्रैराशिकाचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. पावसाळ्यात, आजारी माणूस गाडीत असताना, त्या हिशेबावर पुष्कळ काही अवलंबून राहील.